मालक बाहेर बसलाय

भाद्रपद लागला की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात नवी पोरं दिसायला लागतात. इस्त्रीचा शर्ट, पायात बहुधा भावाचे बूट, आणि शेजारी बाप. बापाच्या हातात पाण्याची बाटली असते आणि ती त्याने कुणाला दिलेली नसते. काल सकाळी एका शेळीच्या पायाचं प्लास्टर उरकून मी त्यांच्यामधून चालत गेले. एक मुलगी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती, "मला लहानपणापासून मुक्या प्राण्यांची आवड आहे." चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं थांबावं, तिला काहीतरी सांगावं. पण काय सांगणार? मी शेवटच्या वर्षाला आहे, अंगावर ॲप्रन आहे, एवढ्यानेच ती मला पाहून भिंतीला आणखी चिकटली.

पोरं ज्यासाठी आलेली असतात तिला कागदोपत्री प्रत्यक्ष फेरी म्हणतात. नीट परीक्षेचे गुण धरायचेच, पण उरलेल्या जागांसाठी इथे समोर बोलावतात, चार प्रश्न विचारतात. आम्ही सगळे मुलाखत म्हणायचो. पोरं अजूनही तेच म्हणतात.

मी आले त्या साली जनावरांवर लंपीची साथ होती. आमच्याकडे त्या सालाला आता दुसरं नावच नाही. "लंपीच्या साली लग्न झालं", "लंपीच्या साली बोअर घेतला" असं लोक बोलतात. पोळ्याला बैल वेशीत गेले नाहीत. ज्याने त्याने आपल्या गोठ्यातच ओवाळले, शिंगांना रंग लावला आणि दार ओढून घेतलं. वाजंत्री नाही. जनावरांचे बाजार बंद. दर दारात कडुलिंबाचे डहाळे, संध्याकाळी शेणीचा धूर, आणि त्या धुराखाली एक गोडसर कुजका वास. तो जनावरांच्या अंगावरच्या गाठी फुटल्याचा वास होता. पहिले काही दिवस तो नाकाला जाणवायचा. नंतर जेवणाच्या ताटावर बसला तरी कळायचा नाही.

माझं गाव लोह्याजवळचं. बैल विकून झालेले होते, नांगरट ट्रॅक्टरवर. गोठ्यात एकच गाय, लाल कंधारी जातीची, तांबू तिचं नाव, आणि तिचं पितं वासरू. मी तेव्हा लातूरहून परत आले होते. तिथे दोन वर्षं एका खोलीत चौघी राहून, डॉक्टर होण्याची तयारी केली होती. माणसांची डॉक्टर. निकाल लागला तेव्हा माझे गुण कुठेच बसत नव्हते. मग खोलीतली एक मुलगी हळू आवाजात म्हणाली, "व्हेटरनरी भर की." लातूरच्या त्या गल्लीत हा शब्द हळूच बोलायची पद्धत होती, घरातल्या आजारपणाबद्दल बोलावं तसा. हदगावची आत्या फोनवर म्हणाली, "ढोराची डॉक्टरीण? मग सोयरीक कोण करल गं?" फोनच्या या टोकाला बापू होते, म्हणजे माझे वडील. त्यांनी आत्याचा फोन ठेवला आणि गोठ्यात गेले.

महालक्ष्म्यांच्या सणाला मायने गोग्रास काढला. पुरणाची पोळी, वर तूप. ती पान घेऊन तांबूपुढे गेली. एरवी तांबू पान खाली ठेवू द्यायची नाही, हातातूनच ओढायची. त्या दिवशी तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं. माय पान तसंच धरून उभी राहिली. मग मानेवरून हात फिरवताना तिच्या बोटांना पहिली गाठ लागली.

पुढे सगळं भराभर झालं. अंगभर गाठी उठल्या, पाय सुजले. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मोटारसायकलवरून गावोगाव फिरत होते, आमच्याकडेही आले. इंजेक्शनं दिली. कुणीतरी सांगितलं की विड्याची पानं, मिरे, मीठ आणि गूळ वाटून खाऊ घाला. माय पाट्यावर वाटायला बसली ती उठायलाच तयार होईना. गोळी करून तांबूच्या जिभेवर ठेवायची, तोंड बंद करून धरायची. "गिळ गं माय, गिळ," असं तिला म्हणायची. गाईला माय म्हणायची.

मुलाखतीचा निरोप मोबाईलवर आला तो याच दिवसांत. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी म्हणाले, एकटी जाते, कॉलेज लातूरच्याच बाजूला आहे, रस्ता मला नवा नाही. बापू म्हणाले, "न्हाई. मी येतो." मायने त्यांच्याकडे पाहिलं. गाय बसलेली, उठत नव्हती, आणि घरातला गडीमाणूस गावाला निघाला होता. "पोरीसोबत कुणीतरी पाहिजे का न्हाई?" बापू म्हणाले. माय म्हणाली, "जा. हितं मी हाव की."

एसटीतून अहमदपूरच्या बाजूला लागलो तेव्हा सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. पाऊस उघडलेला, हवा कुंद. रस्त्याच्या कडेला पडीक जमिनीत जागोजागी ताजी माती उकरलेली दिसत होती. जेसीबीने खड्डे घेऊन जनावरं पुरलेली. वर मीठ आणि चुना पांढरा पडलेला. मी खिडकीशी होते. बापू दुसरीकडे पाहत होते, कंडक्टरच्या पाठीकडे.

कॉलेजच्या व्हरांड्यात आम्ही बसलो आणि बाकावरचे दोघेजण उठून पलीकडे गेले. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. बापूंच्या सदऱ्याला वास होता. फिनाईल, हळद आणि तो दुसरा. त्यांनी आंघोळ केली होती, धुतलेले कपडे घातले होते. तरी होता. बापूंना ते कळलं. ते पाय आखडून बाकाच्या टोकाला सरकले, हात मांड्यांच्या मधे दाबून बसले.

तेवढ्यात एक गृहस्थ आले आणि त्यांच्या अगदी जवळ बसले. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा झब्बा. उदगीरला त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती, शिवलीला. ती त्यांना अप्पा म्हणायची. अप्पांना वास आला नसेल असं नाही. त्यांनी सरळ विचारलं, "घरचं जनावर आजारी हाय का?"

"हाव," बापू म्हणाले. "गाय."

"लई तकलीफ हाय यंदा," अप्पा म्हणाले, आणि सरकले नाहीत.

शिवलीला माझ्या कानाशी लागून बोलायची. गल्लीतली लंगडी कुत्री, पंख तुटलेली घार, दुकानात पोत्यांमागे व्यालेली मांजर. सगळ्यांना तिने हळद लावलेली, चिंध्या बांधलेल्या. "अप्पांना वाटतं माझा नंबर लागू नये," ती म्हणाली. "मी रडले म्हणून आणलंय त्यांनी. तू काय म्हणणार आहेस आत? का आलीस म्हणून विचारतात म्हणे."

"मुक्या प्राण्यांची सेवा," मी म्हणाले. सगळे तेच म्हणत होते. दार उघडलं की आतून तेच वाक्य बाहेर यायचं, वेगवेगळ्या आवाजांत. व्हरांड्यात एकाने दुसऱ्याला बजावलं होतं, एमबीबीएस मिळालं नाही म्हणून आलो असं चुकूनही म्हणू नको. जणू आत बसलेल्यांना ते ठाऊक नव्हतं.

शिवलीला माझ्या आधी गेली. ती खरंच त्या वाक्यासारखी होती, म्हणून मला तिची काळजी नव्हती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"कत्तलखान्यात जाऊन मांस तपासावं लागेल, हे काम डॉक्टरचंच असतं, कराल का, असं विचारलं," ती म्हणाली.

"मग?"

"खोटं कसं बोलू? माझ्याच्यानं होणार नाही म्हणाले."

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं आणि ते दिसू नये म्हणून ते फाटकाबाहेर जाऊन केळी घेऊन आले. आम्हालाही दिली. बापूंनी केळं हातात धरून ठेवलं.

आत तिघं बसले होते. एक मॅडम, एक कागद बघणारे, आणि मधे एक वयस्कर सर. सरांचे डोळे लाल होते. त्यांच्या बुटांना चिखल होता, वाळलेला. तेही रोज लसीकरणाला गावांत जात होते हे मला नंतर विद्यार्थिनी म्हणून कळलं. मॅडमनी गाईच्या पोटाचे कप्पे विचारले, मी सांगितले. लाळ्या-खुरकुताबद्दल विचारलं, सांगितलं. मी त्या उत्तरांवर खूश होते. "का आलीस" हे कुणी विचारलंच नाही.

मग सर म्हणाले, "गाव?"

"लोह्याजवळ."

"लंपी आहे?"

"हाय. आहे, सर."

"घरी?"

"आमची गाय."

"सांग तिचं."

मी सांगू लागले. कधी ताप आला, कधी गाठी आल्या, कोणती इंजेक्शनं झाली. ते मधे मधे विचारत होते आणि मी लगेच उत्तर देत होते. उठते का? काल सकाळपासून नाही. गळ्याखालची लोंबती पोळी सुजलीय? हो, कडक लागते. नाकातून? पू. मान कशी धरते? पुढे ताणून. श्वासाला आवाज येतो?

"येतो. ओल्या लाकडावर करवत चालवल्यासारखा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, उत्तर चांगलं झालं. परीक्षेत एकेक प्रश्न सुटत जातो तसं मला बरं वाटत होतं. मग मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मी इतका वेळ काय सांगत होते ते मला ऐकू आलं.

"काय होईल असं वाटतं?" त्यांनी विचारलं.

पंखा फिरत होता. कागद बघणारे गृहस्थ खाली बघत होते. लातूरला दोन वर्षं प्रमाण मराठी आणि इंग्रजी घोटली होती, पण तोंडातून आलं ते घरचंच. "न्हाई वाचायची."

त्यांनी मान हलवली. "गाठी श्वासनळीत उतरल्यात," ते म्हणाले. आवाज वर्गात शिकवावं तसाच होता. "मालक कोण?"

"माझे वडील."

"कुठे आहेत?"

"बाहेर बसलेत."

"मालक बाहेर बसलाय. बाहेर जाऊन त्याला काय सांगशील?"

"सर, राहू द्या," मॅडम म्हणाल्या.

सर थांबले नाहीत, पण रागावलेही नाहीत. ते खरंच विचारत होते. आता वाटतं, रोज दहा दारांत त्यांना हेच सांगावं लागत असणार आणि त्यांनाही शब्द सापडत नसणार. तेव्हा मात्र मला ते क्रूर वाटले. मी दाराकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "मी म्हणेन, बापू, घरी चला."

त्यांनी काहीतरी लिहिलं. "जा," म्हणाले.

मी बाहेर आले आणि तेच म्हणाले. "बापू, घरी चला."

"काय इचारलं?"

"गाईचंच."

ते उठले. पण बापूंना घाई नव्हती. आधी जरा चहा घेऊ म्हणाले. चहा झाल्यावर अप्पांच्या दुकानाविषयी अप्पांनाच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. स्टँडवर आलो तर लोह्याकडची गाडी उभी होती. "गर्दी हाय, पुढचीनं जाऊ," म्हणाले. मी गाडीच्या खिडकीतून आत पाहिलं, निम्म्या जागा रिकाम्या होत्या. ती गाडी गेली. पुढची आली. ते पानपट्टीसमोर, गाडीकडे पाठ करून उभे. पान न खाणारा माणूस.

मग मला सांगावंच लागलं. स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर, लोकांच्या पिशव्यांच्या मधे, मी म्हणाले, "बापू, सर म्हणाले ती वाचणार नाही."

"ठाव हाय मला," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकू नीट आलं नाही.

"काल डॉक्टरसाब बोलून गेले. वेशीपर्यंत सोडाया गेलो तवा. एक-दोन दिस म्हणले." त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. "म्हणूनच आलो तुझ्यासंगं. तिला जाताना बघायचं बळ न्हाई माझ्यात. जलमल्यापासून माझ्या हातचं जनावर हाय ते."

"आणि माय?"

"तिला न्हाई सांगितलं. कसं सांगू? ती पानं वाटून राहिली."

मी मायला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. स्टँडवर कुठेतरी गाडीच्या वेळा पुकारल्या जात होत्या. बापू माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघत होते, त्यातून कुणी उठून येईल असं. नंतरच्या गाडीत आम्ही बसलो. सोयाबीनवर ऊन तिरपं पडलेलं, फार सुंदर, आणि मला त्याचा राग येत होता.

घरी पोचलो तेव्हा गोठ्याच्या दारात शेजारचे चार-पाच जण उभे होते. ते बाजूला झाले. तांबू आडवी होती. माय तिच्या डोक्याशी बसलेली, पदर खांद्यावरून ओघळलेला, दोन्ही हात मनगटापर्यंत हिरवे. शेजारी वाटी, वाटीत वाटलेली पानं. वासरू दावणीला ओढ घेत होतं. दुपारीच गेली, असं शेजारची बाई म्हणाली.

बापू खाली बसले आणि म्हणाले, "न्हाईच वाचणार होती ती. डॉक्टर म्हणले होते."

मायने मान वर केली. "कवा म्हणले?"

"काल."

शेजारची माणसं हळूहळू निघून गेली. मग ती म्हणाली, "मला कामून न्हाई सांगितलं? शेवटपस्तोर तिच्या तोंडात मिरे कोंबून राहिले मी. तोंड दाबून धरलं तिचं. श्वास लागला होता, तरी धरलं. वाचल म्हणून." तिने आपले हात पाहिले. "सांगितलं असतं तर नुसता हात फिरवत बसले असते."

बापूंनी तिच्या हाताला हात लावला. तिने तो काढून घेतला.

जेसीबी दुसऱ्या दिवशी आला. मीठ पोत्याने लागतं हे मला तेव्हा समजलं. वासरूही टिकलं नाही. त्याला बाटलीने दूध पाजलं, पण ते फार दिवस राहिलं नाही, आणि त्याच्या वेळी कुणीच पानं वाटली नाहीत. माझा नंबर लागल्याचं मोबाईलवर आलं तेव्हा माय चूल सारवत होती. मी सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि सारवत राहिली. बापूंशी ती कामापुरतं बोलायची, वाढायची, हाक मारायची, पण तो सबंध हंगाम ती त्यांच्याकडे तोंड करून बसली नाही. दिवाळीला वसुबारस आली. आमच्या घरी पूजेला गाय नव्हती. माय शेजारच्यांकडेही गेली नाही.

बापू त्यानंतर गाय घेतो म्हणाले नाहीत. गोठ्यात आता मोटारसायकल असते आणि सोयाबीनचे भरलेले कट्टे. दूध लोह्याहून पिशवीतलं येतं.

शिवलीलाचा नंबर लागला नाही. ती उदगीरलाच साध्या कॉलेजात शिकली, लग्न झालं, नायगावला दिली. कधी फोन येतो. "अगं, एका कुत्र्याच्या कानात किडे पडलेत, काय लावू?" मी सांगते. ती नीट ऐकून घेते, पुन्हा म्हणून दाखवते आणि फोन ठेवते. मी इथे कत्तलखान्याचं काम केलं. पहिल्या दिवशी उलटी झाली, दुसऱ्या दिवशी झाली नाही. शिवलीलाला मी हे कधी सांगितलं नाही.

लंपीवरचा धडा आम्हाला तिसऱ्या वर्षी आला. तेच सर शिकवायला होते. फळ्यावर लक्षणं लिहीत गेले, मान पुढे ताणणे, घोरल्यासारखा श्वास, आणि मागे वळून वर्गाकडे पाहताना त्यांची नजर माझ्यावरून गेली. त्यांना आठवत होतं की नव्हतं, कळलं नाही. त्यांनी इतक्या पोरांना इतकं विचारलेलं असेल. मालकाला काय सांगायचं हे मात्र त्यांनी वर्गात कधी शिकवलं नाही. पुस्तकातही ते पान नाही. क्लिनिकमध्ये आम्ही ते एकमेकांवर ढकलतो. तू सांग, तू सांग. शेवटी कुणीतरी औषधाची चिठ्ठी लिहून देतो. ती चिठ्ठी घेऊन मालक धावत जातो आणि आम्हाला मोकळं वाटतं.

गेल्या सुट्टीत मी घरी होते. पोळा होऊन गेलेला. पलीकडच्या आळीतला ज्ञानोबा बोलवायला आला. त्याचा म्हातारा बैल पडला होता. लंपी नव्हती, पोट फुगून वेळ निघून गेलेली होती. गावात मला आता डॉक्टरीणबाई म्हणतात. थट्टेने म्हणायला लागले, मग थट्टा गळून पडली. मी निघाले तशी माय चपला घालून मागे आली. मी घरी असताना जनावर पाहायला जाते, पण ती कधी सोबत आली नव्हती.

मी बैल पाहिला. डोळ्याची पापणी, हिरड्या, पोटावर हात. ज्ञानोबा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मला माहीत होतं आणि मला सांगता येईना. मी म्हणाले, "एक सलाईन लागेल, आणि दोन इंजेक्शनं. लोह्याला मिळतील बघा." तो लगेच उठला, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

माय दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"कुठं निघालास?" ती म्हणाली.

"दवा आणाया, काकू."

"नको जाऊस." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तो जाणार हाय आता. त्याच्या डोक्याशी बस. हात फिरव."

ज्ञानोबा तसाच उभा राहिला. मग त्याने किल्ली खुंटीला परत लावली, खाली बसला, आणि बैलाचं डोकं मांडीवर घेतलं.